शब्दाआधी काटा बघायचा: कचऱ्याच्या मोजमापाचं स्पॅनिशमधून इंग्रजीत भाषांतर

मेक्सिकोतल्या एका शहराच्या कचऱ्याचा अहवाल मी स्पॅनिशमधून इंग्रजीत आणत होते. त्यात एक मोठा तक्ता होता: पुठ्ठा इतके टक्के, काच इतके, उरलंसुरलं अन्न इतके, डायपर इतके. तक्त्याच्या डोक्यावर शब्द होता ‘सुबप्रोदुक्तोस’. मी ‘बाय-प्रॉडक्ट्स’ लिहिलं आणि पुढे गेले. दोन दिवसांनी ज्यांच्यासाठी काम करत होते त्या भोसरीच्या इंजिनिअरांचा फोन आला. “मॅडम, हे बाय-प्रॉडक्ट्स नेमके कुठल्या प्रक्रियेतून निघालेत?”

कुठल्याच नाही. ती त्या शहरातल्या घरांच्या पिशव्यांमधून निघालेली साधी वर्गवारी होती. मेक्सिकोत 1985 साली कचरा मोजण्याची काही मानकं ठरली. त्यातलं एनएमएक्स-एए-022 हे मानक ‘सुबप्रोदुक्तोस’ निवडून त्यांचं वजन कसं करायचं ते सांगतं, आणि तिथे या शब्दाचा अर्थ ‘कचऱ्यातले घटक’ एवढाच आहे. इंग्रजीत ‘कॉम्पोनंट्स’ किंवा ‘वेस्ट फ्रॅक्शन्स’ म्हणायला हवं होतं. चूक दिसते तेवढी लहान नाही. युरोपीय संघाच्या 2008 सालच्या कचराविषयक निर्देशात हाच स्पॅनिश शब्द येतो आणि तिथे तो खरोखरच ‘बाय-प्रॉडक्ट’ आहे: कारखान्यात मुख्य मालाबरोबर तयार होणारी आणि कायद्याने कचरा न मानली जाणारी वस्तू. म्हणजे मी एका शब्दात अख्ख्या शहराचा कचरा कचऱ्याच्या व्याख्येबाहेर काढून ठेवला होता.

त्या फोननंतर माझी कामाची पद्धत बदलली. मोजमापाच्या भाषेत प्रत्येक संज्ञेच्या मागे कुणीतरी केलेली एक कृती असते. कुणी ढीग पसरला, कुणी ड्रम भरला, कुणी काट्यावर ठेवला, कुणी भट्टीत वाळवला. ती कृती कळेपर्यंत शब्दकोश उघडून उपयोग नसतो, कारण शब्दकोशात चार पर्याय दिसतात आणि चारही बरोबर वाटतात. आधी काटा बघायचा, मग शब्द लिहायचा.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण ‘पेसो बोलुमेत्रिको’. पेसो म्हणजे वजन, बोलुमेत्रिको म्हणजे आकारमानाचं. जुळवून टाकलं की इंग्रजीत ‘व्हॉल्युमेट्रिक वेट’ तयार होतं, आणि दुर्दैवाने असा शब्द इंग्रजीत आहेसुद्धा. फक्त तो कुरिअरवाल्यांचा आहे. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची, सहसा 5000 ने भागायचं, आणि जे किलो येतील त्यावर भाडं लावायचं. खोकं कापसाने भरलेलं असलं तरी ते वजन धरलं जातं. कचऱ्याच्या अहवालातल्या पेसो बोलुमेत्रिकोचा याच्याशी काही संबंध नाही.

तो कसा मोजतात ते बघू. मेक्सिकोचं एनएमएक्स-एए-019 हे मानक सांगतं की साधारण 200 लिटरचा ड्रम घ्या. रिकाम्याचं वजन करा. कचरा भरा. मग तो ड्रम 10 सेंटिमीटर उंचीवरून तीनदा जमिनीवर आपटा. कचरा खाली बसतो, वर जागा होते, ती पुन्हा भरा. हाताने दाबायचं नाही. आता वजन करा, रिकाम्या ड्रमचं वजन वजा करा, आकारमानाने भागा. समजा रिकामा ड्रम 15 किलोचा आणि भरलेला 65 किलोचा निघाला, तर कचरा 50 किलो. 200 लिटर म्हणजे 0.2 घनमीटर. 50 भागिले 0.2, म्हणजे 250 किलो प्रति घनमीटर.

उत्तराचं एकक ‘किलो’ नाही, ‘किलो प्रति घनमीटर’ आहे. ही घनता आहे. इंग्रजीत याला ‘बल्क डेन्सिटी’ म्हणतात, कारण वस्तूंमधली पोकळी धरून मोजलेली ही घनता असते. नावात वजन असूनही पेसो बोलुमेत्रिको हे वजन नाही. हे ठरवायला स्पॅनिश येण्यापेक्षा तक्त्याच्या उजव्या कोपऱ्यातलं एकक वाचता येणं जास्त कामाला आलं. भाषांतर करणाऱ्या नव्या मुलामुलींना मी हेच सांगते: संज्ञा अडली की आधी तिचं एकक वाचा.

त्यात आणखी एक गाठ आहे. ड्रममध्ये आपटून बसवलेला कचरा, घंटागाडीत सैल पडलेला कचरा आणि कॉम्पॅक्टरने दाबलेला कचरा या तिघांची घनता वेगवेगळी असते. स्पॅनिशमध्ये पुढे ‘सुएल्तो’ म्हणजे सैल किंवा ‘कोम्पाक्तादो’ म्हणजे दाबलेला असं विशेषण येतं. कधी फक्त ‘इन सितू’, म्हणजे ‘जागेवरच मोजलेला’, एवढंच येतं. ती विशेषणं गाळली तर इंजिनिअर सैल कचऱ्याच्या आकड्यावर दाबलेल्या कचऱ्याच्या गाड्या मोजतो, आणि गाड्यांची संख्या दुप्पट होऊ शकते.

रिकाम्या भांड्याच्या वजनाला स्पॅनिशमध्ये ‘तारा’ म्हणतात, इंग्रजीत ‘टेअर’. ते वजन काट्यावर आधीच जुळवून घ्यायला आपल्याकडे ‘धडा करणे’ असा किती नेमका शब्दप्रयोग आहे! ‘बास्कुला’ म्हणजे काटा, पण ट्रक तोलायचा असेल तर तो साखर कारखान्यावरचा भुईकाटा. भारतातल्या वाचकासाठी त्याला इंग्रजीत ‘वे-ब्रिज’ लिहायचं, अमेरिकेतल्या वाचकासाठी ‘ट्रक स्केल’. नुसतं ‘स्केल’ लिहिलं तर कुणाच्या डोळ्यांसमोर डॉक्टरकडचा वजनकाटाही येईल.

आता ‘उमेदाद’. शब्दकोशात पहिला अर्थ सापडतो ‘ह्युमिडिटी’. मराठी माणसाला इथे चुकायचं खरं तर कारण नाही, कारण आपण हवेतल्या पाण्याला दमटपणा किंवा आर्द्रता म्हणतो आणि धान्यातल्या पाण्याला ओलावा. इंग्रजीतही तसंच आहे: हवेची ह्युमिडिटी, पदार्थाचं मॉइश्चर. स्पॅनिशमध्ये दोन्हींसाठी एकच उमेदाद. म्हणून मी मनात आधी मराठी करते. वाक्यात ‘ओलावा’ बसला की इंग्रजीत ‘मॉइश्चर कंटेंट’, ‘दमटपणा’ बसला की ‘ह्युमिडिटी’. कचऱ्याच्या अहवालात जवळजवळ नेहमी ओलावाच असतो. दोन भाषांमध्ये आपली भाषा मध्यस्थ म्हणून अशी उपयोगी पडते, याचा मला मनापासून आनंद होतो.

पण ओलाव्याचा आकडा भाषांतरित करताना त्याचा पाया सोडून चालत नाही. समजा 100 किलो कचऱ्यात 60 किलो पाणी आहे. एकूण वजनाशी तुलना केली तर ओलावा 60 टक्के. स्पॅनिशमध्ये याला ‘बासे उमेदा’ म्हणतात, इंग्रजीत ‘वेट बेसिस’. आता तेच 60 किलो पाणी उरलेल्या 40 किलो कोरड्या भागाशी ताडून बघा: 150 टक्के. ही ‘बासे सेका’, म्हणजे ‘ड्राय बेसिस’. कचरा तोच, पाणी तेच. 150 टक्के बघून एखाद्याला छापखान्याची चूक वाटेल आणि तो ‘सुधारून’ 15 करेल. म्हणून बासे सेका हे दोन शब्द आकड्याला चिकटलेलेच राहिले पाहिजेत.

पुण्यात हे समजावताना एक घोटाळा हमखास होतो. आपण ‘ओला कचरा’ म्हणतो तेव्हा पाणी मोजत नसतो. वाळून कडक झालेली चपाती ओल्या कचऱ्यात जाते आणि पावसात भिजलेली प्लास्टिकची पिशवी सुक्या कचऱ्यात. आपला ओला म्हणजे कुजणारा. त्यामुळे भारतीय इंग्रजीतला ‘वेट वेस्ट’ आणि प्रयोगशाळेतला ‘वेट बेसिस’ एकाच पानावर आले तर मी पहिल्याच्या जागी ‘ऑरगॅनिक वेस्ट’ लिहिते. वाचक बाहेरचा असेल तर हे करायलाच हवं.

सगळ्यात जास्त वेळ मला तीन शब्दांनी खाल्ला: इम्प्रोपिओस, रेचासो आणि मेर्मा. तिन्हींसाठी इंग्रजीत ‘लॉस’ किंवा ‘वेस्ट’ लिहिलेलं मी पाहिलं आहे. एक काल्पनिक हिशोब करून बघू. खत प्रकल्पात 1000 किलो ओला कचरा आला. त्यात 80 किलो काच, प्लास्टिक, चमचे अशा भलत्याच वस्तू निघाल्या. या वस्तू म्हणजे इम्प्रोपिओस. त्या वाईट नाहीत, फक्त चुकीच्या डब्यात आल्यात. इंग्रजीत ‘इम्प्रॉपर’ म्हणायचं नाही. ‘नॉन-टार्गेट मटेरियल’ म्हणायचं, आणि टक्केवारी असेल तर ‘कंटॅमिनेशन रेट’. इथे तो 8 टक्के.

उरले 920 किलो. ते कुजवले आणि शेवटी चाळले. चाळणीखाली 350 किलो खत पडलं, चाळणीवर 50 किलो काड्या आणि गोळे राहिले. चाळणीवरचे 50 किलो म्हणजे रेचासो, इंग्रजीत ‘रिजेक्ट्स’. ते हातात धरता येतात आणि कुठेतरी नेऊन टाकावे लागतात. आता बेरीज करा: 350 अधिक 50 म्हणजे 400. मग 520 किलो गेले कुठे? पाण्याची वाफ झाली, जिवाणूंनी कार्बन खाल्ला आणि तो कार्बन डायऑक्साइड होऊन उडाला. ही मेर्मा. आपले धान्याचे व्यापारी जिला ‘घट’ म्हणतात तीच. गोणीत ठेवलेला माल सुकून हलका होतो, त्यात कुणाची लबाडी नसते. इंग्रजीत ‘मास लॉस’ लिहावं. ‘श्रिंकेज’ हा शब्द दुकानदारीतला आहे, त्यात चोरीचा संशय येतो.

प्रकल्प चालवणाऱ्याच्या दृष्टीने या तिघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. इम्प्रोपिओस वाढले तर नागरिकांशी बोलायला हवं. रेचासो वाढला तर चाळणी आणि यंत्रं तपासायला हवीत. मेर्मा तर व्हायलाच हवी, ती कमी झाली तर कचरा नीट कुजलाच नाही. आणि एक सापळा: काही प्रकल्पांत सुरुवातीला बाजूला काढलेले ते 80 किलो पुढे रेचासोच्याच ढिगात टाकतात. मग एकच 80 किलो दोन रकान्यांत दिसतात. इंग्रजी तक्त्यात बेरीज 1000 च्या वर गेली तर दोष आकड्यांचा नसतो, रकान्यांची नावं पुन्हा तपासायची असतात. मी प्रत्येक तक्ता भाषांतर झाल्यावर कॅल्क्युलेटर घेऊन बेरजेने पडताळते.

आकड्यांचं लेखन हा स्वतंत्र धोका आहे. कोलंबिया, चिली, अर्जेंटिना आणि स्पेनमध्ये दशांशाच्या जागी स्वल्पविराम देतात आणि हजारांसाठी बऱ्याचदा टिंब. तिथलं 1.250 म्हणजे बाराशे पन्नास. जसंच्या तसं इंग्रजीत ठेवलं तर सव्वा. मेक्सिकोत मात्र टिंब दशांशासाठीच असतं. म्हणजे भाषा एक असली तरी देश बघावा लागतो. ‘बियोन’ हा शब्द दिसला तर तो इंग्रजी बिलियन नव्हे, म्हणजे आपला अब्ज नव्हे. तो एक लाख कोटी. इंग्रजी बिलियनसाठी स्पॅनिशमध्ये ‘मिल मियोनेस’ म्हणतात, हजार दशलक्ष.

‘तोनेलादा’ म्हणजे 1000 किलो. अमेरिकन वाचकाला नुसतं ‘टन’ लिहिलं तर तो 2000 पौंड धरतो, म्हणजे सुमारे 907 किलो. म्हणून ‘मेट्रिक टन’ लिहायचं. ‘किंताल’ तर आपल्याला ओळखीचा वाटतो आणि तिथेच फसवतो. आपला क्विंटल 100 किलोचा. मध्य अमेरिकेतला किंताल 100 पौंडांचा, म्हणजे साधारण 45 ते 46 किलोचा. मार्केट यार्डात वाढलेल्या माणसाच्या मनात क्विंटल पक्का बसलेला असतो, त्याने तर दुप्पट जपायला हवं. आणि दरडोई कचऱ्याच्या तक्त्यात ‘हाब’ असं संक्षिप्त रूप येतं. ते आबितान्ते, म्हणजे रहिवासी. एका सहकाऱ्याने ते ‘हाउसहोल्ड’ समजून घराला लावलं होतं. चार माणसांचं घर धरलं तर शहराचा कचरा एका फटक्यात चौथाईवर आला.

जाळायच्या कचऱ्याबद्दल एकच सांगते. ‘पोदेर कालोरिफिको इन्फेरिओर’ मधल्या इन्फेरिओरचा अर्थ हलक्या दर्जाचा असा नाही. जळताना झालेल्या वाफेतली उष्णता हाती लागत नाही असं धरून काढलेलं निव्वळ उष्मांक मूल्य, म्हणजे इंग्रजीत ‘नेट कॅलरीफिक व्हॅल्यू’. ‘सुपेरिओर’ म्हणजे ती उष्णता धरून, ‘ग्रॉस’.

जागांच्या नावांवर मात्र मला थांबायचं आहे. स्पॅनिशमध्ये ‘रेयेनो सानितारिओ’ म्हणजे तळाशी अस्तर घातलेली, झिरपणारं पाणी गोळा करणारी, रोज मातीने झाकली जाणारी जागा. इंग्रजीत ‘सॅनिटरी लँडफिल’. पेरू आणि कोलंबियात ‘बोतादेरो’ आणि मेक्सिकोत ‘तिरादेरो’ म्हणजे उघड्यावर ओतलेला ढीग, ‘ओपन डंप’. स्पेनमध्ये ‘बेर्तेदेरो’ म्हणजे कायदेशीर लँडफिल, पण लॅटिन अमेरिकेत तोच शब्द उघड्या ढिगालाही वापरतात. तिथे अस्तर, आच्छादन, गेटवरचा काटा यांचा उल्लेख शोधून ठरवावं लागतं.

आपण पुणेकर सगळ्यालाच ‘कचरा डेपो’ म्हणतो. कोथरूडला कचरा डेपो होता, आज त्या जागी मेट्रोचा डेपो आहे. उरुळी देवाची आणि फुरसुंगीला कचरा जायला लागला तोही डेपोच. तिथल्या गावकऱ्यांनी दूषित विहिरी आणि दुर्गंधी यांच्याविरुद्ध वर्षानुवर्षं आंदोलनं केली. बोतादेरोचं भाषांतर कुणी सभ्यपणे ‘लँडफिल’ केलं की मला त्या विहिरी आठवतात. शब्द सौम्य करून जागा स्वच्छ होत नाही.

आणि आकडासुद्धा बदलतो. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या 2006 च्या मार्गदर्शक पद्धतीत कचऱ्यातून निघणारा मिथेन काढताना जागेच्या प्रकाराप्रमाणे गुणक लावतात. हवा आत न जाणाऱ्या व्यवस्थापित लँडफिलला 1.0, पाच मीटर किंवा त्याहून खोल अव्यवस्थित ढिगाला 0.8, उथळ अव्यवस्थित ढिगाला 0.4, आणि प्रकार माहीतच नसेल तर 0.6. उथळ ढिगात हवा शिरते, म्हणून मिथेन कमी होतो. उथळ बोतादेरोला भाषांतरात व्यवस्थापित लँडफिल केलं, तर हिशोबातला मिथेन अडीचपट होतो. कागदावर एकही अंक न बदलता.

युरोपीय कायद्याची भाषा त्यामानाने सोपी आहे. ‘एलिमिनासिओन’ म्हणजे ‘डिस्पोजल’, ‘बालोरिसासिओन’ म्हणजे ‘रिकव्हरी’, कचरा उपयोगात आणणं. पहिल्याला ‘एलिमिनेशन’ म्हटलं तर कचरा नाहीसा झाला असं वाटतं, तो तर जमिनीत पुरलेला असतो. युरोपीय संघाचे निर्देश दोन्ही भाषांत त्याच कलम क्रमांकांनी उपलब्ध आहेत. दोन्ही शेजारी उघडून वाचा, जोड्या आपोआप सापडतात. लॅटिन अमेरिकेतल्या अहवालांना हा आधार पुरत नाही, तिथे त्या त्या देशाचं मानक गाठावं लागतं.

कोलंबियाचं उदाहरण मला जवळचं वाटतं, कारण पुण्यात 1993 पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना आहे आणि वजनाचा कचरावेचकांच्या पोटाशी असलेला संबंध आपण बघितला आहे. कोलंबियात 2016 च्या 596 क्रमांकाच्या शासकीय आदेशाने कचरावेचकांच्या संघटनांना पुनर्वापराकडे वळवलेल्या मालासाठी सेवेचा मोबदला मिळण्याची वाट नीट आखली. तिथे त्यांना ‘रेसिक्लादोरेस दे ओफिसिओ’ म्हणतात. इंग्रजीत ‘रिसायकलर्स’ लिहिलं तर वाचकाला प्लास्टिक वितळवणारे कारखानदार दिसतात. ‘वेस्ट पिकर्स’ लिहायला हवं.

मोबदल्याच्या मोजणीत शब्द येतात ‘तोनेलादास एफेक्तिबामेंते आप्रोबेचादास’. ‘इफेक्टिव्हली रिकव्हर्ड’ हे भाषांतर सहज सुचतं. इंग्रजीत मात्र ‘इफेक्टिव्हली’ म्हणजे परिणामकारकपणे किंवा जवळजवळ तसंच. स्पॅनिशमध्ये एफेक्तिबामेंते म्हणजे प्रत्यक्षात, खरोखर. वर्गीकरण केंद्रात तोललेला, रेचासो वजा केलेला आणि खरोखर पुढच्या उद्योगाकडे गेलेला माल. ‘अॅक्च्युअली रिकव्हर्ड’ लिहायचं. ज्यांनी तो माल डोक्यावरून वाहिला त्यांचे टन ‘जवळजवळ’ या अर्थाने वाचले जाणं मला सहन होत नाही.

अलीकडेच एका अहवालात पेसो बोलुमेत्रिकोचा आकडा होता 480 किलो प्रति घनमीटर, पुढे विशेषण नाही. सैल घरगुती कचऱ्यासाठी मला तो फार जड वाटला. मी मूळ लेखकांना विचारलं: ड्रम तीनदा आपटला होता, की मोजणी दुसरीकडे झाली? चार दिवसांनी उत्तर आलं. त्या दिवशी ड्रम मिळाला नव्हता. त्यांनी कॉम्पॅक्टर गाडी भुईकाट्यावर तोलून तिच्या टाकीच्या आकारमानाने भागलं होतं. मी ‘बल्क डेन्सिटी’ च्या आधी ‘कॉम्पॅक्टेड’ लिहिलं, खाली एका ओळीची टीप जोडली आणि फाइल भोसरीला पाठवली.